शंभराला दोन

"हे बीड न्हवं, पोलाद हाय," अस्लमभाई म्हणाले, आणि चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला.

दुपारचे पावणेतीन झाले होते. भट्टीत भंगार टाकणं चालू होतं. रोजच्यासारख्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, लगडी कुठे दिसेनात म्हणून मी आपलं सहज विचारलं होतं. खरं सांगायचं तर अधूनमधून काहीतरी विचारलं की ही मुलगी शिकतेय असं लोकांना वाटतं, एवढाच त्यात हेतू होता. अस्लमभाई मुजावर भट्टीचे मुकादम, गळ्यात ओला पंचा गुंडाळून उभे होते.

"पण ते बेअरिंगचं घर तर बिडाचं असतं ना?" मी विचारलं. फिरत्या दांड्याचं बेअरिंग ज्यात बसतं ते मोठं कवच त्या दिवशी ओतायचं होतं.

"बाकीच्यांचं असतंय. ह्या साखर कारखान्याचं दोनदा तडकलं, म्हणून औंदा पोलादाचं मागवलंय. चारला ओतायचं. तुला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. नकाशाच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या, कोपऱ्यात धातूचं नाव लिहिलेलं असतं. मी मापं सगळी उतरून घेतली होती, कोपरा मात्र वाचला नव्हता.

आता यात घाबरण्यासारखं काय, ते सांगते. वितळलेला धातू थंड होताना आटतो. बीड शंभराला एक आटतं, पोलाद शंभराला दोन. म्हणून वाळूत ठसा उमटवण्यासाठी जो लाकडी नमुना करतात, ज्याला फाउंड्रीत पॅटर्न म्हणतात, तो तेवढाच मोठा करावा लागतो. हजार मिलिमीटरची वस्तू हवी असेल तर बिडासाठी पॅटर्न हजार दहाचा, पोलादासाठी हजार वीसचा. आणि पाच दिवसांपूर्वी माझ्या कॉलेजच्या टेपनं मी हा पॅटर्न मोजला होता. हजार दहा भरला होता. 'बरोबर आहे' असं मी वहीत लिहिलं होतं आणि खाली रेघही मारली होती.

पेला तिथंच कठड्यावर ठेवून मी वर पॅटर्न शॉपकडे निघाले. पळत गेले नाही, कारण पळाले असते तर कुणीतरी विचारलं असतं.

मी तेव्हा वीस वर्षांची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आता ज्याला सगळे इंटर्नशिप म्हणतात त्याला आमच्या कॉलेजात नुसतं ट्रेनिंग म्हणत. सहा आठवडे एखाद्या कारखान्यात काढायचे आणि सही-शिक्क्याचा कागद आणायचा. कागद नसला तर वर्ष अपुरं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो कागद कुणा मामाच्या, कुणा चुलत्याच्या वर्कशॉपमधून घरबसल्या आणला होता. माझ्या बाबांच्या एका मित्रानंही सही देऊ केली होती. पण आदल्या वर्षी आमची एक सीनियर नोकरीच्या मुलाखतीला गेली, 'ट्रेनिंगमध्ये नेमकं काय केलंत' या प्रश्नावर गप्प बसली आणि तशीच परत आली. ते माझ्या डोक्यात घर करून होतं. शिवाय आगाऊपणा मला जन्मजातच. मी सायकल काढली आणि कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एकेका फाउंड्रीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. नऊ ठिकाणी वॉचमननंच वाटेला लावलं. दहाव्या ठिकाणी धनपाल चौगुले साहेब स्वतः भेटले, पण तेही नकोच म्हणत होते.

"पोरीला इथं बसवू कुठं? चटकाबिटका बसला तर निस्तरायचं कुणी?"

त्यांच्या मागे एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते. शर्टावर लाकडाचा भुसा होता. ते हिंदुराव मेस्त्री, पॅटर्न शॉपचे. सव्वीस वर्षं तिथं काम करणारे. ते म्हणाले, "माझ्याकडं बसू दे की. लाकडाचं काम हाय, भाजायचं भ्या न्हाई." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अट एकच. हात लावायचा न्हाई कशाला. डोळ्यानं शिकायचं."

तेव्हापासून तीन आठवडे झाले होते आणि अजून तीन बाकी होते.

पॅटर्न शॉपमध्ये कुणी नव्हतं. मेस्त्री मोल्ड, म्हणजे वाळूचा साचा, बंद करायला खाली गेले होते. पॅटर्न वाळूतून काढून परत आणून बाकावर ठेवला होता. मी टेप लावला. हजार दहा. दुसऱ्या बाजूनं लावला. हजार दहाच.

मग भिंतीकडे बघितलं. तिथं दोन खिळ्यांवर दोन पोलादी पट्ट्या टांगलेल्या असत. या साध्या पट्ट्या नव्हेत. आटण्याचा हिशेब धरून यांच्यावरचे आकडे मुळातच ताणून आखलेले असतात. एक बिडाची, एक पोलादाची. कारागिरानं ज्या धातूचं काम त्याची पट्टी घ्यायची आणि नकाशातलं माप सरळ लावायचं, डोक्यात गणित करत बसायचं नाही. दिसायला दोन्ही जुळ्या. फक्त टोकाशी बारीक ठोकलेला आकडा असतो, एक किंवा दोन. मी उजव्या खिळ्यावरची पट्टी काढली. तिच्यावर एक होता. पट्टी निघाल्यावर खिळ्याखाली भिंतीवर जुन्या पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर दिसलं: 'पो'. डाव्या खिळ्यावरची काढली. तिच्यावर दोन होता, आणि खाली भिंतीवर 'बी'.

पट्ट्या उलट्या टांगलेल्या होत्या. त्या कुणी टांगल्या, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

आदल्या आठवड्यात मंगळवारी मेस्त्री भाचीच्या लग्नाला गेले होते. मला दिवसभर काम नव्हतं. आपण नुसतं बसून खातोय असं वाटू नये म्हणून मी शॉप झाडलं, बाकावरचा भुसा काढला, आणि त्या काळ्याकुट्ट झालेल्या दोन्ही पट्ट्या खाली उतरवून थिनरनं चकाचक पुसल्या. मग टांगल्या. कुठली कुठं होती हे लक्षात ठेवायचं असतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. कशाला हात लावायचा नाही ही एकच अट होती, आणि मी मोडली ती स्वच्छतेसाठी. दुसऱ्या दिवशी मेस्त्री आले, चकचकीत पट्ट्या बघून म्हणाले, "कुणी न्हाऊ घातलं ह्यास्नी?" मी हसले. तेही हसले.

पोलादाचं काम वर्षातून एखाद-दुसरं येई. मेस्त्रींनी हात लांब करून उजव्या खिळ्यावरची पट्टी घेतली असणार, सव्वीस वर्षं घेत होते तशीच. आकडा कशाला वाचतील?

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ओतलं की घर एक सेंटिमीटर लहान होणार. मोठं झालं असतं तर तासून घालवता आलं असतं, पण लहान झालेलं पोलाद वाढवता येत नाही. भंगारात जाणार. आणि दोन दिवसांनी ते थंड झालं, मोजलं, की साहेब एकाच माणसाला विचारणार.

मी खाली गेले. मेस्त्री मोल्डच्या कडेला उकिडवे बसून दोन पेट्यांच्या सांध्यावरून बोट फिरवत होते.

"मेस्त्री, जरा वर येता? पॅटर्नचं एक…"

त्यांनी मान वर केली नाही. "मोल्ड बंद झालाय."

"हो, पण मी आत्ता मोजलं…"

"आता त्यातलं काय बघायचं न्हाई." आवाज असा, की मी तो कधी ऐकला नव्हता. तीन आठवड्यांत हा माणूस माझ्यावर एकदाही खेकसला नव्हता. "आता पॅटर्नचं नाव काढायचं न्हाई. जा, च्या पी जा."

"मेस्त्री, पण पट्ट्या…"

"जा म्हटलं न्हवं का."

बाजूचे दोघं कामगार माझ्याकडे बघायला लागले. मला रडूच येणार होतं, पण त्यातही एक हलकटपणा मनात येऊन गेला, तो लपवत नाही. मला वाटलं, सुटले. मी सांगायला गेले होते, त्यांनीच ऐकलं नाही. आता माझ्याकडे दोष नाही.

तशीच मी ऑफिसच्या बाजूनं निघाले. खिडकी उघडी होती. आत साहेब आणि साखर कारखान्याकडून आलेले एक इंजिनिअर बसले होते, ओतणी बघायला. साहेब सांगत होते, "ह्यानंतर लाकडाचा पॅटर्न बंदच करायचं चाललंय. पुण्यात मशीनवर करून मिळतो. मेस्त्रींचं वय झालं. जुना माणूस आहे म्हणून एकदम जा म्हणवत नाही. काही निमित्त झालं की बघू."

निमित्त खाली वाळूत बंद होऊन तयार होतं.

मी बॅग उचलली. हे सांगायला लाज वाटते, पण खरंच उचलली आणि सायकलीपर्यंत गेले. कुलूप काढलं. मनातल्या मनात सगळं जुळवूनही झालं होतं: पोटात दुखतं म्हणून लवकर गेले, दोन दिवस घरीच राहिले, सोमवारी आले तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं, मी नवखी मुलगी, मला कोण विचारणार. तीन आठवडे काढायचे, कागद घ्यायचा. सांगितलं तर कागद गेला, कागदाबरोबर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं हे बाबांना सांगायचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्या ट्रेनिंगचं त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

वॉचमननं गेट अर्धं उघडलं. "आज लौकर?"

"हो."

"ओतणी बघत न्हाईस? बघण्यासारखी असती. पोलादाची ओतणी वर्षातनं एकदा."

तेवढ्यात आत घंटा झाली. ओतणीआधी घंटा देतात, सगळ्यांनी जमिनीवरच्या लाल पट्ट्याच्या मागे व्हावं म्हणून. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती.

मी परत का फिरले याचं मला चांगलंसं उत्तर आजही देता येत नाही. मोठा विचारबिचार काही केला नाही. एवढंच दिसत होतं, की दोन दिवसांनी साहेब 'हे काय केलंत' म्हणून विचारतील आणि हिंदुराव मेस्त्री काहीच बोलणार नाहीत, कारण त्यांना काय झालं ते कळलेलंच नसणार. सायकल तशीच पाडून मी पळाले.

आत ढणढणीत उजेड होता. क्रेनला लटकवलेलं मोठं पात्र रसानं भरून मोल्डच्या दिशेनं सरकत होतं. अस्लमभाई हातानं खुणा करत होते. साहेब आणि पाहुणे लाल पट्ट्याच्या मागे उभे. मेस्त्री एकटे खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. मी लाल पट्टा ओलांडला.

"ए जोसना, माघारी हो," अस्लमभाई ओरडले. माझं नाव ज्योत्स्ना मगदूम, पण त्यातलं ज्योत्स्ना त्या फाउंड्रीत कुणालाच जमत नसे.

"ओतू नका," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग जोरात म्हणाले, "साहेब, ओतू नका. पॅटर्न लहान आहे."

अस्लमभाईंनी हात वर केला. क्रेन थांबली. रसाच्या झळेनं माझा चेहरा तापला होता.

साहेब पुढे आले. रागावलेलं माणूस मोठ्यानं बोलतं असं मला तोवर वाटायचं. ते हळू बोलले. "काय म्हणालात?"

"पॅटर्न हजार दहाचा आहे. पोलादाला हजार वीसचा पाहिजे."

"तुम्ही मोजला?"

"हो. आत्ता परत मोजला."

साहेबांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग पात्राकडे. "अस्लम, किती वेळ धरता येईल?"

"धा मिनटं. जास्ती न्हाई."

साहेब स्वतः जिना चढून वर गेले. आम्ही सगळे खाली. मेस्त्री माझ्याकडे बघतच नव्हते. ते जिन्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. साहेब उतरले तेव्हा त्यांच्या हातात दोन्ही पट्ट्या होत्या.

"अस्लम, लगडी ओता," ते म्हणाले. रस परत भट्टीत जात नाही, कुठंतरी ओतावाच लागतो. क्रेन वळली आणि दिवसभराचं काम चौकोनी ठोकळे होऊन पडायला लागलं. पाहुणे घड्याळ बघत बाहेर गेले.

"ह्या पट्ट्या उलट्या कुणी लावल्या?"

"मी," मी म्हणाले. "मंगळवारी पुसल्या आणि उलट्या टांगल्या. मेस्त्री नव्हते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"हात लावायचा नाही हे सांगितलं होतं ना?"

"हो."

साहेब मेस्त्रींकडे वळले. "आणि तुम्ही आकडा वाचला नाही."

मेस्त्री जमिनीकडे बघत होते. तसेच म्हणाले, "न्हाई वाचला. खिळा बघितला."

"नवीन पॅटर्न आणि मोल्ड, मिळून किती दिवस?"

"पाच."

"चार," साहेब म्हणाले. "पाहुण्यांना मी समजावतो. रस आत गेला असता तर समजावायला तोंड राहिलं नसतं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मगदूम, तुम्ही उद्यापासून येऊ नका. कागद मिळणार नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यानं माझं वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या एका फाउंड्रीच्या गेटवर उभी राहिले आणि सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून काढले. बाबा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण ते सगळं पुढचं. तेव्हा मी गेटबाहेर येऊन सायकल उचलली आणि हँडल धरून मनसोक्त रडले. वॉचमन बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

"जोसना."

मेस्त्री मागे उभे होते. आता दोन शब्द ऐकून घ्यावे लागणार म्हणून मी डोळे पुसले आणि मान खाली घातली.

"कधी म्हणालीस? मंगळवारी?"

"हो. तुम्ही लग्नाला गेला होता."

"मंगळवारी. म्हंजे बेस्तरवारी मी काम धरलं तवा पट्ट्या उलट्याच हुत्या."

"हो. माझी चूक झाली, मेस्त्री. खरंच."

ते ऐकतच नव्हते. "शुक्रवारी सांच्याला ते घर जुळवलं, दोनी हातांत धरलं, तर हाताला बिडाचं लागलं."

"म्हणजे?"

"असली घरं आठ-धा केलीत मी बिडाची. हाताला म्हाईत हाय बिडाचं केवढं असतंय. हे पोलादाचं, हे मोठं लागाय पायजे. लागंना. पट्टी लावली, तर पट्टी म्हणती बरोबर हाय. परत धरलं, परत बिडाचं. तीन येळा केलं. मग म्हटलं, हिंदुराव, पट्टी कशी चुकंल? हात गेला तुझा."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? साहेब तेवढंच ऐकायला बसलाय. घरात सांगितलं तेवढं, की ही ओतणी झाली की काम सोडतो. सहा दिस अन्न गोड लागलं न्हाई. आन आज तू येऊन पॅटर्नचं नाव काढलंस. म्हटलं, ह्या पोरीला सुदिक कळलं."

म्हणजे खांबाला टेकून उभा असलेला हा माणूस काहीतरी चुकलंय ही धास्ती मनात धरून उभा होता, आणि तोंड उघडायची हिंमत त्याला झाली नव्हती. मला वाटत होतं तेवढी मी एकटी भित्री नव्हते.

मेस्त्रींनी दोन्ही हात समोर धरले, मधे ते घर असावं तेवढं अंतर ठेवून. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग हात थोडे, अगदी थोडे, आणखी लांब केले.

"एवढं पायजे हुतं," ते म्हणाले. "शुक्रवारी हात बरोबर हुता माझा."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. हात तसेच समोर धरून ते वळले, आणि माझ्या कागदाचं, वर्षाचं काय हे विचारायचं साफ विसरून, नवीन लाकूड काढायला आत निघून गेले.